रिकाम्या पट्ट्याचं चित्र

संध्याकाळी वायफाय अडखळायला लागलं की आपण मोबाईलवर अ‍ॅप उघडून शेजाऱ्यांचे राउटर मोजतो. पण अ‍ॅपला वायफायच तेवढं कळतं. मायक्रोवेव्ह ओव्हन, बिनतारी माऊस, ब्लूटूथ त्याच्या खिजगणतीत नसतात. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त असल्यामुळे या साऱ्यांची तिथे वर्दळ असते. ती बघायला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरच हवा.

स्वस्तातला आरटीएल-एसडीआर रिसीव्हर आणि साधा टायनीएसए अ‍ॅनालायझर मी आनंदाने वापरले आहेत, पण पहिला १.७ गिगाहर्ट्झच्या आसपास थांबतो, दुसरा ९६० मेगाहर्ट्झला. घरच्या वायफायसाठी टायनीएसए अल्ट्राच घ्यावा. पडदा चार इंची. ४३२१ हा आकडा टाकून अल्ट्रा मोड उघडला की २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा समोर येतो.

बारामतीच्या घरात पहिल्यांदा लावला, तेव्हा नुसते विस्कळीत काटे दिसले. यंत्र पट्टा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झाडत जातं आणि वायफाय तुटक तुटक बोलतं, त्यामुळे दर फेरीत थोडंच हाती लागतं. मग मॅक्स होल्ड, म्हणजे आधीच्या फेऱ्यांतले काटे पडद्यावर धरून ठेवायची सोय, लावून वाट पाहिली. काट्याशेजारी काटा उभा राहत वीस मेगाहर्ट्झ रुंदीचं सपाट पठार तयार झालं. हा माझा राउटर! स्वयंपाकघरात ओव्हन सुरू होताच २४५० च्या आसपास जाडजूड ढिगारा उसळला. त्या जागी स्पॅन शून्य केला, म्हणजे झाडणं थांबवून तेवढीच वारंवारता वेळेनुसार पाहिली, तर शंभर मिलिसेकंदांत पाच टेकड्या दिसल्या. आपल्या पन्नास हर्ट्झ विजेचा ठेका, जसाच्या तसा. ट्रान्सफॉर्मरचा ओव्हन अर्ध्या आवर्तनात बोलतो, अर्ध्यात गप्प. राउटर त्या ढिगाऱ्यापासून दूर, चॅनेल १ वर नेला आणि प्रश्न मिटला.

पण या यंत्राचं खरं मोल मला इंदापूर तालुक्यात, मामांच्या शेतावर कळलं. घरापासून विहिरीवरच्या कॅमेऱ्यापर्यंतचं वायफाय श्रावणात बंद पडलं. ‘कुणाचा तरी टॉवर आडवा येतोय,’ मामा म्हणाले. विहिरीपाशी यंत्र लावलं. सारा पट्टा मोकळा, आणि तळाच्या खरखरीतून जेमतेम डोकं वर काढलेलं घरचं पठार. चैत्रात, सुरूचा ऊस गुडघाभर होता तेव्हा, त्याच जागेचं चित्र मी कार्डावर साठवलं होतं. त्यात हेच पठार ठसठशीत उभं होतं. आडवा कुणीच येत नव्हता. डोक्यावर गेलेला ओला ऊसच लहरी गिळत होता. इतकं बोलकं रिकामं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

घेणाऱ्यांनी एक सांभाळावं: राउटरची जुनी अँटेना याला लावू नका. आटे बसतात, पण बहुतेकींना मधली पिन नसते, आणि पडदा खोटाच रिकामा दिसतो. २.४ गिगाहर्ट्झची, पिन असलेली एसएमए अँटेना वेगळी घ्या.

मामांच्या कॅमेऱ्याची अँटेना आता उंच पाइपावर, उसाच्या वर आहे.