सान्निध्य आणि संबंध : महापुराच्या छायाचित्रांविषयी

छायाचित्रात दोन माणसे शेजारी दिसली की त्यांच्यातील संबंधही दिसला, असे आपण सहज गृहीत धरतो. वस्तुतः छायाचित्र सान्निध्य दाखवते. संबंध दाखवतेच असे नाही. कोल्हापूरच्या ऑगस्ट २०१९ मधील महापुराच्या छायाचित्रांचा विचार या भेदापासून सुरू करावा लागतो.

त्या पुरात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला. वृत्तपत्रांतून आणि मोबाईलवरून पसरलेल्या प्रतिमांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत छपरे आणि पाण्याचा सपाट विस्तार असतो, माणूस जवळजवळ नसतो. जमिनीवरच्या छायाचित्रांत बोट, पुढे आलेला हात, जवानाच्या कडेवरचे मूल, अन्नाची पाकिटे असतात आणि खालची ओळ बहुधा माणुसकीचे दर्शन घडल्याची ग्वाही देते. ती ग्वाही खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि तिचे अपुरेपण निरुपद्रवी नाही.

एडवर्ड स्टायकेन यांनी १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन मांडले. ६८ देशांतील ५०३ छायाचित्रांतून मानवजात हे एक कुटुंब असल्याचे त्यात सुचवले होते. ‘मिथॉलॉजीज’मध्ये (१९५७) रोलाँ बार्थ यांनी त्यावर घेतलेला आक्षेप मूलगामी होता : जन्म, मृत्यू, श्रम यांना सार्वत्रिक ठरवताना त्यांचा इतिहास पुसला जातो. पुराच्या छायाचित्रांतही हेच घडते. पूर हा निसर्गाचा कोप आणि मदत हा माणसाचा स्वभाव, अशी मांडणी झाली की मधला इतिहास नाहीसा होतो. पूररेषेच्या आत बांधकामे कशी उभी राहिली, चिखली-आंबेवाडीच्या लोकांना पुन्हापुन्हा घर का सोडावे लागते, हे प्रश्न चौकटीबाहेर राहतात. जयंती नाल्यातून शहराचे सांडपाणी ज्या नदीत जाते, तीच पुढे इचलकरंजीच्या दिशेने वाहते. हा संबंध बारमाही आहे; कॅमेऱ्याला मात्र फक्त पुराच्या आठवड्यातला दिसतो.

पाणी ओसरल्यावर पूरग्रस्त भागांतला चिखल आणि कुजलेला कचरा उपसण्यासाठी इतर महापालिकांचेही सफाई कामगार आले. बोटीच्या तुलनेने त्यांची छायाचित्रे थोडी, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती त्याहूनही थोडी. सुधारक ओलवे यांची मुंबईच्या सफाई कामगारांवरील कृष्णधवल मालिका या ठिकाणी आठवणे अपरिहार्य आहे. गटारात उतरलेला, घाणीने माखलेला कामगार आणि त्याचे घर, त्याचे कुटुंब तेथे एकाच मालिकेत येतात. हे कामगार जवळजवळ सर्वच दलित आहेत, ही गोष्ट त्या चित्रांचा विषय आणि अर्थ दोन्ही ठरवते. त्यांत मदतीचा हात नाही, कृतज्ञ चेहरा नाही. तरीही ती शहरातील परस्परसंबंधांविषयीच आहेत. कारण त्या घाणीचा उगम पाहणाऱ्याच्या घरात आहे. संबंधाचे दुसरे टोक चौकटीत नसून चौकटीसमोर उभे आहे.

स्थिर छायाचित्र कार्यकारण दाखवू शकते का, हा आक्षेप येथे रास्त आहे. आकलनाला काळ आणि कथन लागते, असे सुझन सोंटॅग यांनी १९७७ च्या ग्रंथात म्हटले आहे. ओलवे यांची मालिका हे त्याचे एक उत्तर : एक चित्र जे सांगू शकत नाही, ते चित्रांचा क्रम सांगतो. कोल्हापूरच्या कॅमेऱ्याला ही दृष्टी परकी नाही. बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटाने सावकाराच्या कागदापासून शहरातल्या गिरणीपर्यंतची शेतकऱ्याची वाट दाखवली होती. तेथे करुणा होती, पण तिला कारणाची जोड होती.

म्हणून नागर सहजीवनाच्या छायाचित्राला विचारावयाचा प्रश्न ‘यात माणुसकी दिसते का’ हा नव्हे. कोणाचे जगणे कोणाच्या जगण्यावर उभे आहे, हे त्यातून कळते का, हा आहे. या कसोटीवर पुराची पुष्कळशी लोकप्रिय छायाचित्रे आपल्याला हेलावतात, आणि तेवढ्यावरच मोकळे करतात.