नेतृत्वाचा हिशेब

तरुण पुरोगामी कार्यकर्त्यांसाठी नेतृत्वविकासाची शिबिरे आज जागोजागी भरतात. भाषण, गटचर्चा आणि शेवटी प्रमाणपत्र! प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. बाबासाहेबांनीच १९५६ साली मुंबईत 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स' काढले होते. परंतु त्याच काळात रिपब्लिकन पक्षाची कल्पनाही ते मांडत होते. शिकलेल्याने जायचे कोठे, याचा विचार त्यात होता.

औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात, १९५० पासून, नेतृत्व हा विषय कोणी वेगळा शिकवला नाही. खेड्यातली मुले वसतिगृहात राहिली, वाचू लागली, लिहू लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. तेव्हापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत कार्यकर्त्याची परीक्षा वस्तीने घेतली. जळालेल्या घरी कोण आले, खटल्याच्या तारखेला कोण उभे राहिले, हे ती पाहत होती.

आजच्या बहुतेक शिबिरांत हा परीक्षकच गैरहजर असतो. अहवाल देणगीदाराकडे जातो. माझ्या मते तो आधी वस्तीत वाचला जावा. तिथे ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचे नेतृत्व प्रमाणपत्रापुरतेच उरते.