वायूचे माप आणि सूक्ष्मजीवसमुदायाचे ज्ञान

उमरखेड तालुक्यातील एखाद्या गोठ्यालगतचे गोबरगॅस संयंत्र हे शास्त्रीय परिभाषेत बायोरिॲक्टरच होय. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ मध्ये स्वीकारलेल्या तरंगत्या टाकीच्या आराखड्यात शेणकाला टाकीत किती दिवस राहावा, या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान आहे. प्रदेशाच्या तापमानानुसार हा काळ ३०, ४० वा ५५ दिवसांचा धरला जातो. टाकीतील सूक्ष्मजीव कोणते व त्यांचे परस्परसंबंध काय, हे न जाणताही संयंत्र चालते. परंतु थंडीत किंवा खाद्य एकाएकी बदलल्यास आम्ले साचतात, मिथेनकारी जीव मंदावतात आणि चूल विझते. वायू घटेपर्यंत बिघाड पुष्कळच पुढे गेलेला असतो. ही सूचना आधी मिळावी, हीच समुदायाच्या प्रतिमानाची खरी कसोटी होय.

या दृष्टीने इंटरनॅशनल वॉटर असोसिएशनच्या कार्यगटाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अवायुजीवी पचनाच्या प्रतिमानाचे परीक्षण उद्बोधक ठरते. त्यात सूक्ष्मजीवांचे ७ गट आणि १९ जैवरासायनिक क्रिया मानल्या आहेत. विखुरलेल्या ज्ञानास एक सामाईक भाषा मिळाली, हे त्याचे श्रेय निःसंशय मोठे आहे. तथापि त्यातील गट हे जाती नव्हेत. ती कार्यांची नावे आहेत. ॲसेटिक आम्लाचे ऑक्सिडीकरण करून हायड्रोजनच्या मार्गाने मिथेन निर्माण करणाऱ्या सहजीवी जोडीला त्यात स्थान नाही. अनेक गुणांक जुळवून घेता येत असल्याने वायूचा आलेख जुळला, तरी समुदायाचे चित्र खरे ठरले असे होत नाही.

मग जनुकांच्या आधारे केलेली गणना हा दोष दूर करील काय? येथेही सावधगिरी आवश्यक आहे. अशी गणना बहुधा शेकडेवारी देते. एका गटाची टक्केवारी वाढली, तर तो गट वाढला की इतर घटले, हे तीवरून कळत नाही. गणनेसाठी वापरले जाणारे १६एस जनुक काही जीवाणूंत एकदाच, तर काहींत दहाहून अधिक वेळा आढळते. शिवाय शेणाबरोबर गुरांच्या आतड्यातील जीव रोज टाकीत येतात. त्यांतील मृतांचे डीएनएही मोजले जाते. टाकीत जो आढळला तो तेथे कार्यरत आहे, हे गृहीतक म्हणूनच असिद्ध राहते.

नामकरण आणि ज्ञान यांतील अंतर नवे नाही. मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की हा दीर्घकाळ एकच जीव समजला जात असे. १९६७ मध्ये ब्रायंट, वोलिन व वुल्फ यांनी ते दोन जीव असल्याचे दाखविले. त्यांतील एक मद्यार्कापासून हायड्रोजन निर्माण करतो, दुसरा त्याच हायड्रोजनपासून मिथेन. दुसऱ्यावाचून पहिल्याचे कार्य चालत नाही.

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. शेणातील व टाकीतील जीवांची निरपेक्ष संख्या, तसेच बाष्पशील मेदाम्ले आणि अल्कता यांचे गुणोत्तर, ही एकाच काळात वारंवार मोजली गेली पाहिजेत. सुरळीत दिवसांचा वायू अचूक सांगणे हे प्रतिमानाचे अल्प यश होय. टाकी आंबण्यापूर्वी तिचे आंबणे जे सांगेल, तेच प्रतिमान ग्राह्य मानावे.