लावलंय, पण दिसत नाही

"काय लावलंयास व्हटाला?"

रहिमतपुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात आत्यानं हे विचारलं तेव्हा मी चहा गाळत होते. टिंटेड लिप बाम लावून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. खोक्यावर छापलं होतं की हा रंग वेगळा कळून येत नाही, ओठ तुमचेच वाटतात, फक्त जरा ताजे. आत्याला कळून आला. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे.

"औषध आहे," मी म्हणाले. "ओठ फुटलेत."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणून ती तुळशीला पाणी घालायला गेली.

मी खोटं बोलले नव्हते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं कोरडी थंडी पडते, सकाळी गाडीवरून स्टेशनपर्यंत गेलं तरी ओठांची सालं निघतात. पण मी खरंही बोलले नव्हते. नुसते फुटलेले ओठ बरे करायचे असते तर घरात साजूक तूप होतं, आणि बेंबीत तेल घालायचा सल्ला द्यायला आत्या होतीच. मी दोनशे रुपयांना जे विकत घेतलं होतं ते या खऱ्याखोट्याच्या मधलं काहीतरी होतं. टिंटेड लिप बामवर लिहायचं तर त्या मधल्या जागेवर लिहावं लागेल, असं तो पंधरा दिवस वापरल्यावर माझं मत झालं आहे.

तो घेण्याचं कारण मुलाखत. आधी मी ज्या शाळेत शिकवायचे तिथं शिक्षिकांसाठी एक सूचना होती : भडक मेकअप करू नये. भडक म्हणजे काय हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. एका मैत्रिणीची मरून लिपस्टिक भडक ठरली, ट्रस्टींच्या सुनेची लालभडक ठरली नाही. आता नव्या नोकरीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, उमेदवार प्रेझेंटेबल असावा. म्हणजे लावू नका, पण लावल्यासारखं दिसा. या दोन हुकुमांच्या मधल्या फटीत बसेल अशी वस्तू बाजारात असणारच, आणि ती आहे. तिला 'नॅचरल लुक' म्हणतात.

पहिल्या दिवशीचा अनुभव सांगते. कांडीवर रंग दिसतो गुलाबी, पिकलेल्या पेरूच्या गरासारखा. ओठांवर लावला की नाहीसा होतो. तीनदा फिरवल्यावर राहतो तो फक्त ओलसरपणा, नुकतीच भजी खाल्ल्यासारखा. जाहिरातीतल्या मुलीच्या ओठांवर तोच रंग व्यवस्थित दिसतो. मला वाटलं, माझं लावणं चुकतंय. चुकत नव्हतं. साधी रंगांची गोष्ट आहे. टिंटमध्ये रंगद्रव्य अगदी थोडं असतं आणि ते पारदर्शक असतं, त्यामुळं खालचा रंग त्यातून दिसत राहतो. ओठांची त्वचा फार पातळ असते, खालच्या रक्तवाहिन्यांची लाली वर येते. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठांत मेलॅनिनही भरपूर असतं, त्यामुळं ती लाली तपकिरी, जांभळट होऊन येते. अशा ओठांवर फिका गुलाबी टिंट लावणं म्हणजे गेरूनं सारवलेल्या भिंतीवर पातळ गुलाबी पाणी मारणं. ज्या कंपन्या हे ओळखून त्यात पांढरं रंगद्रव्य मिसळतात त्यांचे बाम आमच्या ओठांवर राखाडी दिसतात, आजारी माणसासारखे. तेव्हा 'तुमचेच ओठ, फक्त ताजे' या वाक्यातलं 'तुमचे' कुणाचे, हे ती कांडी बनवतानाच ठरलेलं असतं. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'नं २०२० मध्ये नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. दुकानातल्या फळीवरचा नैसर्गिक रंग मात्र अजून बराचसा गोऱ्या माणसाचाच आहे. वीटकरी आणि जांभळाच्या छटा मिळतात, पण शोधून. आमच्या पेठेतल्या दुकानात दोनच होत्या, दोन्ही गुलाबी.

मग मी दुसरा प्रकार आणला. तुमच्या ओठांप्रमाणे रंग बदलणारा. हा कांडीत जवळजवळ पांढरा असतो आणि लावल्यावर अर्ध्या मिनिटात गुलाबी चढतो. प्रत्येकीच्या ओठांवर तिचाच खास रंग येतो, असा दावा. हा दावा मला पहिल्यापेक्षा जास्त खोटा वाटतो, कारण तो विज्ञानाचं सोंग घेतो. यात बहुतेक वेळा इओसीनच्या कुळातला एक रंग असतो. खोक्याच्या मागं बारीक अक्षरात सीआय ४५४१० किंवा ४५३८० असा आकडा दिसला तर समजा. तेला-मेणात हा रंग झोपलेला असतो, त्वचेवरची ओल आणि आम्लता बदलली की जागा होतो. जागा झाला की सगळ्यांच्या ओठांवर त्याच कुळातला गुलाबी, थोडा कमी किंवा थोडा जास्त. मी लावला, माझ्या चुलतबहिणीनं लावला, आम्ही दोघी एकाच लग्नातल्या करवल्या दिसायला लागलो. शिवाय तो पुसला तरी जात नाही. मुलाखतीच्या आदल्या रात्री मी तेल लावून ओठ चोळत बसले होते. नैसर्गिक रंग काढायला इतकी मेहनत!

या रंग बदलण्याचं एवढं कौतुक मात्र का, ते मला कळलं नाही. आमच्या भागात तरी ते नवं नाही. सांगली इथून लांब नाही, तिथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीत चुना किंवा टाकणखारासारखा क्षार पडला की पिवळ्याचं लाल होतं. घरगुती कुंकू असंच होत आलं. कात आणि चुना एकत्र आले की विडा रंगतो. रंग बदलणारी सौंदर्यप्रसाधनं आमच्या आज्या-पणज्या रोज वापरत होत्या, फक्त त्यांच्या खोक्यावर 'टेक्नॉलॉजी' असं लिहिलेलं नव्हतं.

आणि टिंटेड बाम तरी काय आहे? मेण, तेल, रंग. एरंडेल असतं, मधमाशीचं किंवा झाडाचं मेण असतं, लालसाठी बरेचदा आयर्न ऑक्साइड असतं, म्हणजे गेरूत असतं तेच. कुठं कार्माइन असतं, ते किड्यापासून येतं. आपला अळताही लाखेच्या किड्यापासूनच यायचा. माझ्या आजीच्या फणीकरंड्याच्या पेटीत एक छोटी मेणाची डबी होती. ती बोटानं कपाळावर मेणाचा गोल ठिपका लावायची आणि त्यावर पिंजर दाबायची. मेण रंग धरून ठेवायचं, घामानं ओघळू द्यायचं नाही. खाली मेण, वर रंग. हे दोन्ही एका कांडीत ओतले की आजचं पॅकिंग तयार. टिकली आली आणि मेणाची डबी गेली, नाहीतर एखाद्या स्टार्टअपनं तिला एव्हाना 'टू-स्टेप बाम' म्हणून विकलं असतं.

फरक आहे तो रंग कुठं लावायचा आणि कुणी लावायचा यात. कपाळावरचा लाल चालतो. उलट नसला तर विचारतात. ओठांवरचा लाल असला तर विचारतात. आपली क्रियापदं बघा. कुंकू 'लावतात'. औषध 'लावतात'. ओठ मात्र 'रंगवतात', लिपस्टिक 'फासतात', पावडर 'थापतात'. विड्याला तर कर्ताच लागत नाही. विडा 'रंगतो', आपला आपण, आणि त्याबरोबर ओठही रंगतात, खाणारीचा काही दोष नाही. एकेकाळी घरंदाज बाईला ओठ लाल करायची ही एकच सोय होती, आणि तीही सगळ्यांना नव्हती. विधवेनं विडा खायचा नाही असा दंडक होता. टाटांनी १९५२ साली 'लॅक्मे' काढली, त्यानंतर देशी लिपस्टिक दुकानात आली. गावात ती नववधूच्या ओठांपर्यंत पोचली. एका दिवसापुरती.

टिंटेड बामची हुशारी मला इथं दिसते. त्यानं रंग तोच ठेवला आणि क्रियापद बदललं. तो रंगवत नाही, लावतात. ज्या मुली कोरेगाव-साताऱ्याला एसटीनं कॉलेजला जातात त्यांच्या सॅकमध्ये आता लिपस्टिक लपवलेली नसते, बाम उघड्यावर असतो. वडिलांनी विचारलं तर ओठ फुटलेत. ही सवलत लहान आहे, पण ज्यांना ती मिळाली त्यांना ती लहान वाटत नाही. पुण्यातून लिहिणाऱ्या काही जणी 'नॅचरल लुक' ही पितृसत्तेची नवी फसवणूक आहे असं लिहितात. त्यांचं चूक नाही. रीलमधली 'काहीच न लावल्यासारखी' दिसणारी मुलगी आधी प्रायमर, मग कन्सीलर, मग आणखी पाच-सहा वस्तू लावते, आणि हे सगळं 'मी अशीच उठते' असं दाखवायला. कष्ट करायचे आणि ते दिसूही द्यायचे नाहीत ही बाईकडून फार जुनी अपेक्षा आहे, घरकामात तीच असते. पण त्या लेखांत एक गोष्ट सुटते. लाल लिपस्टिक लावून फर्ग्युसन रस्त्यावर चालण्याची किंमत आणि रहिमतपूरच्या बाजारपेठेत चालण्याची किंमत एक नाही. इथं फसवणुकीचाच उपयोग करून घ्यावा लागतो.

रंग नाकारण्याचा आणि मागण्याचा इतिहास आमच्या तालुक्यालाही नवा नाही. कोरेगावात राहून लिहिणाऱ्या ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर प्रभातनं १९३७ मध्ये सिनेमा काढला, त्याचं नावच 'कुंकू'. दिग्दर्शक व्ही. शांताराम. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली शांता आपट्यांची नीरा ते लग्न मानत नाही. ज्या रंगाला सगळे सौभाग्य म्हणतात तो न पटणारा असू शकतो, हे त्या काळात थिएटरात बसून लोकांनी पाहिलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. कुंकवासाठी परिपत्रक निघालं. ओठांसाठी निघणार नाही, ते इतकं गंभीर कुणाला वाटत नाही.

मला वाटतं, कारण आत्या.

आत्या एकोणीस वर्षांपूर्वी माहेरी परत आली. ती माळकरी आहे, कपाळावर बुक्का लावते, बाकी काही नाही. मुलाखत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाम फडताळात शोधला तर सापडला देवघराच्या कोनाड्यात, कापराच्या डबीशेजारी. कांडीचं टोक माझ्या हातानं तिरकं झिजलं होतं, आता त्याला मधोमध खळगा पडला होता. बोटानं घेतल्यावर पडतो तसा. मेणाच्या डबीत पडायचा तसा.

मी काही विचारलं नाही. दोन दिवसांनी तिनंच काढलं. "तुझं ते औषध बरं हाय. माजं व्हट बी लई फुटल्यालं."

तिच्या ओठांवर तो वीटकरी टिंट (हा तिसरा, साताऱ्याहून आणलेला) माझ्यापेक्षा चांगला दिसत होता. तिचे ओठ पातळ आहेत, रंग कडांपर्यंत बसत नव्हता, तिनं फक्त मधे लावला होता, आणि वरच्या ओठावर जवळजवळ नाहीच. रीलवाल्या याला 'ब्लर्ड लिप' म्हणतात आणि त्यासाठी वेगळा ब्रश विकतात. तिला तो कुणी शिकवला नव्हता. दिसू नये म्हणून तिनं कमी लावला होता, इतकंच.

तेव्हा परीक्षण म्हणून लिहायचं तर असं : पहिला गुलाबी घेऊ नका, पैसे पाण्यात. रंग बदलणारा लग्नाला ठीक, रोज नको, आणि ओठांची सालं निघत असतील तर अजिबात नको, भेगांत रंग साचतो. वीटकरी किंवा जांभळट छटेचा टिंट आपल्या ओठांवर खरोखर बसतो. साधारण दोन तास टिकतो, चहा झाला की संपतो. वास व्हॅनिलाचा आहे, तो मला आवडत नाही, आत्याला तर मुळीच नाही. मुलाखतीत मी तोच लावून गेले होते. समोरच्या बाईंनी डार्क लिपस्टिक लावली होती आणि माझ्या ओठांकडं एकदाही पाहिलं नाही.

नोकरीचं अजून कळलेलं नाही. गुरुवारी साताऱ्याला कागदपत्रं द्यायला जायचंय, तर आत्यानं पदराच्या गाठीतून शंभराच्या दोन नोटा काढून दिल्या. "येताना त्यातलंच आण एक," ती म्हणाली, "बिनवासाचं मिळालं तर बघ." मग जरा थांबून, दाराकडं बघून : "रंग ह्योच असू दे."