चोरलेले चीवर

कोन इचिकावा या जपानी दिग्दर्शकाचा 'द बर्मीज हार्प' हा चित्रपट १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी पडद्यावर आला. मिचिओ ताकेयामा यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. युद्धपट म्हणून त्याची जगभर वाखाणणी झाली. परंतु बौद्धांनी तो धम्माच्या कसोटीवरही घासून पाहावा, असे आम्हांस वाटते. त्या रणभूमीशी आपले नातेही आहे. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटची कामठीस स्थापन झालेली दुसरी पलटण ब्रह्मदेशच्या मोहिमेत होती.

१९४५ च्या जुलैतील ही कथा. शरण आलेल्या जपानी तुकडीत मिझुशिमा हा हार्प वाजविणारा सैनिक आहे. डोंगरावर अद्याप लढत राहिलेल्या दुसऱ्या तुकडीची समजूत घालण्यास त्याला धाडले जाते. मुदत अर्ध्या तासाची. ते ऐकत नाहीत, तोफा सुरू होतात आणि मिझुशिमा तेवढा वाचतो. परक्या मुलखात एकाकी पडलेला हा सैनिक एका भिक्खूचे चीवर चोरतो, मुंडन करतो आणि मुडोनच्या छावणीकडे चालू लागतो. वाटेत विखुरलेली बेवारस प्रेते पाहून त्याचे मन पालटते. अखेर सोबती मायदेशी निघतात. प्रेतांना मूठमाती देण्यासाठी तो मात्र भिक्खू होऊन मागे राहतो.

चीवर चोरणे ही विनयाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. उपसंपदेवाचून चीवर पांघरून संघात शिरणाऱ्यास महावग्गात 'थेय्यसंवासक' म्हटले आहे. त्यास उपसंपदा नाही. बिंबिसाराचे सैनिक युद्ध टाळण्यासाठी प्रव्रज्या घेऊ लागले, तेव्हा राजाच्या सेवेतील सैनिकास प्रव्रज्या देऊ नये, असाही नियम भगवंतांनी केला. संघ ही लपण्याची जागा नव्हे. दिग्दर्शकाने या चोरीला करुणेच्या प्रवासाची पहिली पायरी केले आहे. प्रेक्षकाला ते भावते, परंतु शीलाचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

डोंगरावरचा प्रसंग पाहताना आम्हांस रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य संघात झालेला वाद आठवला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आहे. सिद्धार्थही युद्धास विरोध करतो आणि बहुमतापुढे हरतो. मात्र तो वेष पालटत नाही, उघडपणे देशत्याग पत्करतो. मिझुशिमाचे बोलणे झिडकारले जाते, तेव्हा त्याच्यापाशी विचार नसतो, फक्त निरोप असतो. विचार त्याला नंतर, प्रेतांच्या संगतीत सुचतो. हाच या चित्रपटाचा सर्वांत सच्चा भाग आहे, आणि शोजी यासुई या नटाने तो फारसे न बोलता उभा केला आहे.

उणीव दिसते ती दुसरीकडे. ज्या ब्रह्मी जनतेच्या भूमीवर जपानी सैन्य चालून गेले, ती येथे पार्श्वभूमीपुरती आहे. भिक्षा देणारे हात दिसतात. त्यांची जळालेली घरे, त्यांचे मृत कोठे आहेत? करुणा प्रामुख्याने स्वकीयांच्या अस्थींपाशी थांबत असेल, तर तिला मैत्री म्हणावे काय?

भिक्खू हा परिपूर्ण पुरुष व्हावा की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी त्याच ग्रंथाच्या परिचयात विचारला आहे. मिझुशिमा सेवक आहे खरा, पण मृतांचा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर नाव झालेल्या आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा भेद पुस्तकी राहत नाही. पुष्कळ घरांना भन्तेजींची आठवण होते ती पुण्यानुमोदनाच्या दिवशीच. कर्जाचा तगादा लागलेला असताना त्या दारी कोण गेले होते?

चित्रपट कृष्णधवल असून दोन तासांच्या आत संपतो. वर्षावासातील एखाद्या रविवारी विहारात तो दाखवावा, आणि नंतर महावग्गातील ती प्रकरणे वाचावीत. वाद होईल, तो होऊ द्यावा.