घरच्यांसोबत बघण्यासारखे नाही

'उडारी' ही पाकिस्तानी मालिका हम टीव्हीवर एप्रिल ते सप्टेंबर 2016 या काळात दाखवली गेली. पंजाबीत उडारी म्हणजे भरारी. लेखिका फरहत इश्तियाक, दिग्दर्शक मोहम्मद एहतेशामुद्दीन. स्त्रियांना छोटी कर्जे देणारी कश्फ फाउंडेशन ही संस्था निर्मितीत सहभागी होती. आम्ही ही मालिका इंटरनेटवर पाहिली. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, त्यामुळे संवाद कळायला अडचण नव्हती. न बोललेले कळायला मात्र वेळ लागला.

खेड्यातली विधवा साजिदा इम्तियाजशी निकाह करते आणि हाच सावत्र बाप तिच्या लहानग्या झेबोवर अत्याचार करतो. शेजारी शीदां आणि मीरा या गाणाऱ्या मिरासी मायलेकी राहतात. समिया मुमताज यांची साजिदा आणि बुशरा अन्सारी यांची शीदां, या दोन आयांवर मालिका उभी आहे. मीराच्या गाण्याचे उपकथानक पुढे फार पसरते, हा दोष मान्य करावा लागेल.

मे 2016 मध्ये तिथल्या नियामक संस्थेने, पेमराने, वाहिनीला कारणे दाखवा नोटीस बजावली. अनेक प्रेक्षक आणि कलावंत मालिकेच्या बाजूने उभे राहिले. तक्रारीचा सूर मात्र आमच्याही घरांत ओळखीचा आहे: 'घरच्यांसोबत बसून बघण्यासारखे नाही.' आदल्याच वर्षी, 2015 मध्ये, पंजाबातल्या कसूर जिल्ह्यात मुलांवरील अत्याचारांचे मोठे प्रकरण उघडकीस आले होते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. जे घरात घडते ते घरच्यांसोबत बघायचे नाही, तर मग कुणासोबत बघायचे?

दुसरी प्रतिक्रिया वरवर सहानुभूतीची आहे, पण आम्हांला तीच जास्त खुपते. 'आई असून तिला कळले कसे नाही?' असा सवाल इम्तियाजचा धिक्कार करणाऱ्या बायकाही करतात. याला थोडी मालिकाही जबाबदार आहे. अहसन खान यांनी इम्तियाज इतक्या ताकदीने उभा केला आहे की त्याची नजर आपल्याला साजिदाच्या आधी कळते. कॅमेरा आपल्याला जे दाखवतो ते तिला दिसत नाही. तरीही प्रेक्षक स्वतःला हुशार समजून तिचा हिशेब मागतो. खऱ्या घरात धोक्याची सूचना देणारे संगीत वाजत नाही. तिथला इम्तियाज मुलीला खाऊ आणतो आणि मोहल्ल्यात सर्वांना सलाम करतो. आणि एकटी बाई दिसली की 'मुलीला बापाची सावली हवी' असे सांगणारे लोक नंतर कुणालाच आठवत नाहीत.

हे आम्ही स्वतःला बाहेर ठेवून लिहीत नाही. आमच्या वर्गातली एक बोलकी मुलगी एका वर्षी अचानक गप्प झाली. वही कोरी, नजर खाली. बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्र शिकलो होतो, परीक्षेत चांगले गुणही मिळाले होते. तरी आम्ही काय केले? तिच्या अम्मीला बोलावून विचारले, 'तुमचे मुलीकडे लक्ष असते ना?' त्या मान खाली घालून निघून गेल्या. पुढच्या वर्षी मुलगी शाळेत आली नाही. तिच्या घरी काही घडत होते की नाही, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. आम्ही मुलीला एकदाही जवळ बसवून विचारले नाही. जाब मात्र आईला विचारला.

2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा घडल्याचे कळले तर तो पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. पण कळण्यासाठी आधी ऐकावे लागते. साजिदाला सत्य कळते तेव्हा ती मुलीवर विश्वास ठेवते. 'लोक काय म्हणतील' हा विचार नंतरचा. झेबोची उडारी तिथूनच सुरू होते. म्हणून आमची विनंती एवढीच, की अशी मालिका लागली तर टीव्ही बंद करू नये. मुलांना जवळ बसवावे, आणि ती काही विचारू लागली तर त्यांना गप्प करू नये.