नेपच्यूनपलीकडील लघुपिंडांचे आकारमान : मापन की अनुमान?

नेपच्यूनपलीकडील लघुपिंडांविषयीच्या लेखनात ‘व्यास इतके किलोमीटर’ असे विधान सहजपणे केले जाते. वस्तुतः यांपैकी बहुतेक पिंडांची तबकडी मोठ्या दुर्बिणीतूनही दिसत नाही. दिसतो तो परावर्तित सूर्यप्रकाशाचा बिंदू. लहान व शुभ्र पिंड आणि मोठा पण काजळीसारखा काळा पिंड यांची तेजस्विता सारखीच भरू शकते. परावर्तनक्षमता ४ टक्के मानावी की ९६ टक्के, एवढ्यावरून व्यासात जवळजवळ पाचपट अंतर पडते. न्यायदर्शनाच्या परिभाषेत येथे हेतू आहे, पण व्याप्ती सिद्ध नाही.

एरिसच्या बाबतीत हे प्रकर्षाने जाणवते. २००५ साली शोध जाहीर होताच त्यास ‘दहावा ग्रह’ म्हटले गेले. २००६ मध्ये उष्णताप्रारणाच्या मापनावरून त्याचा व्यास सुमारे ३००० किलोमीटर, तर हबल दुर्बिणीच्या प्रतिमांवरून सुमारे २४०० किलोमीटर सांगितला गेला. उष्णताप्रारणाच्या पद्धतीत परावर्तनक्षमता आधीच ठरवून घ्यावी लागत नाही, हे तिचे बळ. तथापि पृष्ठतापमानाची विभागणी आणि अक्षाचा कल मानावाच लागतो; गृहीतकाने केवळ जागा बदलली. ६ नोव्हेंबर २०१० रोजी एरिसने एका ताऱ्यास झाकले. चिलीतील दोन ठिकाणांहून तारा किती काळ अदृश्य होता हे मोजण्यात आले आणि व्यास २३२६ किलोमीटर, परावर्तनक्षमता ९६ टक्के असा निष्कर्ष निघाला. (येथेही पिंड गोल असल्याचे गृहीत आहेच.) न्यू होरायझन्स यानाच्या २०१५ मधील भेटीनंतर प्लूटोचा व्यास सुमारे २३७७ किलोमीटर ठरला, म्हणजे ज्या थोरवीवरून एवढा वाद झाला ती आकारमानापुरती तरी टिकली नाही.

याउलट एरिसचे वस्तुमान प्लूटोपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी अधिक, हे विधान अबाधित राहिले. ते डिस्नोमिया या उपग्रहाच्या कक्षेवरून काढले असून पृष्ठभागाच्या शुभ्रतेशी त्याचा संबंध नाही. सर्व अनुमाने एकाच पंक्तीस बसवणाऱ्या कोष्टकांत नेमका हाच भेद पुसला जातो.

हौमियाच्या घनतेचे असेच झाले. पिंड द्रवाप्रमाणे समतोलात आहे असे मानून, सुमारे चार तासांच्या परिवलनातील तेजबदलावरून ती दर घनसेंटिमीटरला २.६ ग्रॅम वा त्याहून अधिक धरली जाई. २१ जानेवारी २०१७ च्या तारापिधानानंतर ती १.९ पर्यंत खाली आली. वस्तुमान तेच होते. बदलला तो आकार आणि त्यासोबत समतोलाचे गृहीतकही डळमळीत झाले.